गावाचा हवामान आराखडा: प्रस्ताव कुठे अडतो आणि कागद कोणते लागतात

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात विहिरींचं पाणी खोल गेलंय, मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांच्या वर चढतो, आणि उन्हाळा लागला की सातपुड्यातल्या पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन दरीत उतरतात. त्यामुळे कामं कोणती हवीत हे गावाला सांगावं लागत नाही. तरीही झाडं लावणं, पाणी मुरवणं, एलईडी दिवे, सौर पॅनेल अशा कामांचे प्रस्ताव परत येतात, कारण फाइलमधले तीन-चार कागद कच्चे असतात.

आधी एक गैरसमज दूर करू. 'माझी वसुंधरा अभियान' राज्याच्या पर्यावरण खात्याने २ ऑक्टोबर २०२० ला सुरू केलं. भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पाच तत्त्वांवर त्यात ग्रामपंचायती व नगरपालिकांना गुण मिळतात. वैयक्तिक अर्ज तिथे नसतो. नोंदणी केली की कामाला पैसे येतील असं पुष्कळ सरपंच धरून चालतात, पण तिथे मिळतात ते गुण, आणि नंबर आला तर बक्षीस. कामाचा पैसा येतो तो ग्रामपंचायत विकास आराखड्यातून: वित्त आयोग, रोजगार हमी, जिल्हा परिषद आणि पेसा (आदिवासी भागांसाठीचा पंचायत कायदा) गावांसाठी ५ टक्के अबंध निधी. आराखड्यात नसलेल्या कामाला वर्षभर निधी शोधत फिरावं लागतं.

आराखड्याची मोहीम साधारण २ ऑक्टोबरपासून चालते, पण तो आराखडा पुढच्या आर्थिक वर्षाचा असतो. अभियानात मात्र चालू कालावधीत केलेलं काम मोजतात. या दोन तारखांची गल्लत झाली की यंदा ठराव केलेलं आणि पुढच्या वर्षी होणारं काम यंदाच्या गुणांसाठी चढवलं जातं, आणि तिथे शून्य पडतो. अभियानाची मुदत दरवर्षीच्या टूलकिटमधूनच, म्हणजे नियमांच्या पुस्तिकेतूनच वाचा. मागच्या वर्षीचा व्हॉट्सअॅप मेसेज पुढे ढकलू नका.

वित्त आयोगाच्या निधीचीही अट आहे. १५ व्या आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात निवडून आलेली बॉडी हवी, लेखे ऑनलाइन हवेत आणि आराखडा ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर चढलेला हवा, असा नियम होता. त्यातला ६० टक्के निधी बंधित होता, म्हणजे पाणी व स्वच्छतेसाठीच. छतावरचं पाणी जमिनीत मुरवायचा खर्च त्यात बसायचा, पथदिवे बसत नसत. दिवे उरलेल्या अबंधित निधीतून. निधीचा हा शीर्ष चुकला तर प्रस्ताव पंचायत समितीतून पुढे सरकत नाही. पुढच्या वर्षांसाठी त्या वर्षीचं परिपत्रक ग्रामसेवक भाऊसाहेबांकडून मागून घ्या.

आता ग्रामसभेचा ठराव. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यापैकी जे कमी असेल ते. पेसा गावांचे नियम वेगळे, ते आधी तपासा. सभेची सूचना सात दिवस आधी निघाली पाहिजे आणि विषय विषयपत्रिकेवर असला पाहिजे. ऐनवेळच्या विषयात घुसवलेला ठराव एका तक्रारीने अडतो. सगळ्यात जास्त नडतो तो मजकूर: "पर्यावरणपूरक कामे घेण्यात यावीत." यावर कुणी अंदाजपत्रक करणार नाही. लिहा: "गट क्र. अमुक, स्मशानभूमीलगत, कडुनिंब, करंज व चिंच मिळून २०० रोपे, ट्रीगार्डसह, तीन वर्षे पाणी देण्याच्या खर्चासह, अमुक निधीतून." पाण्याचा खर्च सुटला तर जुलैत लावलेलं रोप पुढच्या मे महिन्यात वाळतं, आणि पाहणीच्या वेळी मोजतात ती जिवंत झाडं.

जो कागद जवळपास कुणाकडेच नसतो तो म्हणजे आधीचा हिशोब. 'उत्सर्जन कमी केलं' म्हणायचं तर आधी किती होतं ते दाखवावं लागतं. त्यासाठी १२ महिन्यांची वीजबिलं काढा. समजा, रस्त्यावर ६० सोडियम दिवे, प्रत्येकी ७० वॅट, रोज ११ तास. वर्षाला १६,८६३ युनिट. तेच २० वॅटचे एलईडी केले तर ४,८१८. वाचले १२,०४५ युनिट. एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर वर्षाला जवळपास साडेआठ टन. एवढी मांडणी फाइलला लावली की ती वजनदार होते. अडचण अशी की रस्त्यावरच्या बत्तीला कित्येक ठिकाणी मीटरच नसतं, बिल मोघम येतं. मग दिव्यांची खांबनिहाय यादी करा, वॅट लिहा, ग्रामपंचायतीचा शिक्का मारा. पाणीपुरवठ्याचं मीटर जुन्या योजनेच्या नावावर असेल तर नाव बदलून घ्या आणि थकबाकीचा निकाल लावा. थकबाकी असताना सौर जोडणीचा अर्ज अडकतो.

सौर पॅनेलला एका किलोवॅटमागे साधारण १०० चौरस फूट मोकळं, सावलीविना छत लागतं. शाळेचं छत सोपं वाटतं, पण इमारत जिल्हा परिषदेची असते. तिची लेखी परवानगी जोडा, मुख्याध्यापकांची सही पुरत नाही.

झाडं लावायची जागा हा आणखी एक खोडा. सातबाऱ्यावर गुरचरण असलेली जमीन गावाच्या वापरात असली तरी मालकी सरकारची, म्हणून महसूल खात्याची लेखी परवानगी हवी. साक्री, शिरपूर, नवापूर, अक्कलकुवा, धडगाव अशा भागांत जागा सामूहिक वनहक्कातली (कायद्याने गावाला मिळून हक्क दिलेल्या जंगलातली) असेल तर ठराव ग्रामपंचायतीचा नाही, त्या पाड्याच्या ग्रामसभेचा लागतो. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने जंगल राखून दाखवलं ते गावच एकत्र बसलं म्हणून. त्या बैठकीला फाटा देऊन सही गोळा केली तर जागाही जाते आणि माणसंही दुरावतात.

फोटोचं एवढंच, की 'आधीचा' काढा. खड्डे खणण्यापूर्वीची मोकळी जागा, बदलण्यापूर्वीचा दिवा, दोन्ही त्याच कोपऱ्यातून, अक्षांश-रेखांश व तारीख दिसेल असे. काम झाल्यावर आधीचा फोटो कुठून आणणार? पाणी मुरवण्याच्या कामात तर खड्डा बुजला की पुरावाही बुजतो. १०० चौरस मीटर छतावर ७०० मिमी पाऊस धरला तर ७०,००० लिटर पडतं. गळती, बाष्प वजा करून ५६,००० लिटर धरा, आणि गाळणीचे दगड, वाळू भरताना प्रत्येक थराचा फोटो घ्या.

पुढचं नेहमीचं: तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, मग कामाचा आदेश. मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदीची प्रत जपून ठेवा.

पोर्टल शेवटच्या आठवड्यात अडकतं आणि खापर गावावर फुटतं, हे दरवर्षीचं आहे. ज्या कार्यालयाने आपलं संकेतस्थळ वेळेत चालवायचं, त्याने मुदत संपली म्हणून गावाला हाकलू नये, पण हाकलतात. म्हणून फाइल्स महिनाभर आधी चढवा, चढवल्याची पोच काढून ठेवा. कागद हाताने देत असाल तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का मारून घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.