विरघळणे आणि कण: एका शालेय प्रयोगाची पार्श्वभूमी

साखर किंवा मीठ पाण्यात विरघळवण्याचा प्रयोग प्राथमिक विज्ञानात इतका रुळला आहे की तो मुलांना कणांची ओळख व्हावी म्हणूनच बेतला असावा, असे वाटते. तसे नाही. शाळेत तो आला निरीक्षणाचा धडा म्हणून: काय विरघळते, काय तळाशी बसते, गाळल्यावर काय उरते. कण आले वरच्या इयत्तांतून, पुस्तकातल्या तयार आकृत्यांच्या रूपाने. या दोन गोष्टींची सांगड घालण्याचे गंभीर प्रयत्न गेल्या साठेक वर्षांतले आहेत आणि ती सांगड अजूनही पक्की झालेली नाही. नुसते विरघळताना पाहून कण सिद्ध होत नाहीत, हे त्याचे मूळ कारण. भल्याभल्यांनी तेच दृश्य पाहून उलटा निष्कर्ष काढला होता.

अ‍ॅरिस्टॉटलचेच घ्या. खरे मिश्रण झाले की त्याचा कितीही लहान भाग घ्या, तो सगळ्या मिश्रणासारखाच असतो, असे त्याचे मत होते. डेमोक्रिटसचे अणू आणि त्यांच्यामधली पोकळी त्याला मान्य नव्हती. सरबताचा प्रत्येक घोट सारखाच गोड लागतो, त्यामुळे अनुभव अ‍ॅरिस्टॉटलच्या बाजूने होता. आपल्याकडे वैशेषिकांनी, म्हणजे वैशेषिक या प्राचीन दर्शनाच्या विचारवंतांनी, परमाणू मांडला तोही तर्काने. वस्तूचे तुकडे करत गेले तर कुठेतरी थांबावेच लागेल, या युक्तिवादाने.

विरघळण्याचा उपयोग कणांच्या बाजूचा पुरावा म्हणून केला तो सतराव्या शतकात, पिएर गासेंदी या फ्रेंच विचारवंताने. पाण्यात मीठ टाकत राहायचे. आणखी मीठ विरघळेनासे झाले की त्याच संपृक्त द्रावणात तुरटी टाकायची. तुरटी विरघळते! गासेंदीने म्हटले, पाण्यात रिकाम्या जागा आहेत. मिठाच्या कणांना बसतील अशा भरल्या, पण तुरटीच्या कणांना बसतील अशा अजून मोकळ्या आहेत. ठरावीक आकाराचे असे खळगे पाण्यात नसतात, हे आज आपल्याला ठाऊक आहे. तरी डोळ्यांना दिसणाऱ्या एका विचित्र गोष्टीवरून न दिसणाऱ्या रचनेबद्दल अंदाज बांधण्याची ही रीत अस्सल आहे, आणि हा प्रयोग शालेय पुस्तकांत सहसा का नसतो याचे मला नवल वाटते.

न्यूटनने ‘ऑप्टिक्स’च्या शेवटच्या प्रश्नात याहून साधी गोष्ट हेरली. थोडे मीठ पुष्कळ पाण्यात विरघळवले तर ते पाण्यापेक्षा जड असूनही तळाशी जमत नाही. वरचे पाणी खालच्याइतकेच खारट होते. यावरून त्याने मिठाचे कण एकमेकांपासून दूर जाऊ पाहतात असे अनुमान काढले. कारण चुकले, पण कोडे बरोबर होते. त्याची मोजणी थॉमस ग्रॅहम या रसायनशास्त्रज्ञाने १८५०च्या सुमारास केली: द्रावणाची बरणी मोठ्या पात्रातल्या शुद्ध पाण्यात दिवसच्या दिवस स्थिर ठेवायची आणि किती द्रव्य बाहेर पसरले ते तपासायचे. पाण्यात न ढवळता सोडलेला रंगाचा थेंब वर्गात पसरताना दाखवतात, तो या विसरणाच्या, म्हणजे कण आपोआप पसरण्याच्या, अभ्यासाचाच वारस म्हणता येईल.

दरम्यान डाल्टनचा अणुसिद्धान्त १८०८मध्ये पुस्तकरूपाने आला. समजावून सांगण्यासाठी तो लाकडी गोळे वापरत असे. ते पीटर एवर्टने १८१०च्या सुमारास बनवून दिले होते. कणांचे चित्र शिकवण्यात गोळ्यांच्या रूपाने शिरले ते तेव्हापासून, आणि त्याबरोबरच टणक, रंगीत, गुळगुळीत अणूंची कल्पनाही. तरी रसायनशास्त्रज्ञांचे एकमत व्हायला शंभर वर्षे लागली. विल्हेल्म ओस्टवाल्डसारखा मातब्बर माणूस अणूंना सोयीची कल्पना समजत होता. ब्राउनीय गतीवरील, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या सततच्या वेड्यावाकड्या हालचालीवरील, पेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या १९०८च्या मोजमापांनंतर त्याने माघार घेतली.

मुलांच्या हाती प्रयोग देण्याची परंपरा या वादापासून बरीच अलिप्त वाढली. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५पासून नाताळची व्याख्याने सुरू झाली, फॅरडेने ती गाजवली, पण तिथे मुले प्रेक्षक होती. प्रयोग मुलानेच करायचा, ही भूमिका ठामपणे मांडली इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ हेन्‍री आर्मस्ट्राँगने, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. त्याच्या शोधपद्धतीत विद्यार्थ्याला उत्तर आधी सांगायचे नाही. त्याने वजन करावे, मोजावे, तर्क करावा. गंमत अशी की याच आर्मस्ट्राँगला विरघळण्याबद्दलचा नवा विचार शेवटपर्यंत पटला नाही. मीठ पाण्यात गेल्यावर त्याचे विद्युत्‌भारित आयन सुटे होतात, हे अर्‍हेनियसने १८८७मध्ये मांडले होते. पुढे ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांनी दाखवले की घन मिठातही सोडियम-क्लोरीनच्या जोड्या नसतात, एकाआड एक मांडणी असते. त्यावर १९२७मध्ये आर्मस्ट्राँगने ‘नेचर’मध्ये ‘बिचारे मीठ!’ अशा मथळ्याचे पत्र लिहून या बुद्धिबळाच्या पटाची खिल्ली उडवली. हे सामान्य बुद्धीला न पटणारे आहे, असे त्याचे म्हणणे. प्रयोगावर इतकी निष्ठा असलेल्या माणसालाही न दिसणारे कण हाताळता आले नाहीत, हे आजच्या शिक्षकांनी ध्यानात ठेवायला हरकत नाही.

मुलांना नेमके काय वाटते, हे पद्धतशीरपणे विचारले ते जाँ पियाजे आणि बेर्बल इनहेल्डर या स्विस मानसशास्त्रज्ञांनी. त्यांचे काम १९४१मध्ये प्रसिद्ध झाले. पेल्यात साखरेचे खडे टाकायचे, पाण्याची पातळी आणि वजन पाहायचे आणि विरघळल्यावर काय होईल ते विचारायचे. लहान मुलांच्या मते साखर संपते, उरली तर चव, तीही काही दिवसांनी जाईल. साधारण सात-आठ वर्षांची मुले साखर आहे म्हणतात, पण तिला वजन असेल याची खात्री देत नाहीत. वजन टिकते हे नऊ-दहाच्या आसपास पटते, आकारमानाचे अकरा-बाराला. बरीच मोठी मुले ‘बारीक बारीक दाणे’ ही कल्पना स्वतःच काढतात.

इथे एक बाब सहसा राहून जाते. वजनाचा नियम काटेकोर आहे, आकारमानाचा नाही. खोलीच्या तापमानाला १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते. काट्यावर बेरीज १३६ ग्रॅम भरते. मिठाचे स्वतःचे आकारमान १६ ते १७ मिलिलिटर, पण द्रावण ११३ मिलिलिटरच्या आसपासच थांबते. साखरेच्या बाबतीत घट अगदी किरकोळ असते. ५० मिलिलिटर पाणी आणि तितकेच अल्कोहोल मिसळले तर १०० नव्हे, साधारण ९६ मिलिलिटर होते. अखंड पदार्थ मानणाऱ्याला हे समजावून सांगायला कष्ट पडतात. कण मानणाऱ्याला निदान विचार करायला जागा मिळते.

१९५७मध्ये स्पुटनिक हा सोव्हिएत उपग्रह उडाल्यावर अमेरिकेत विज्ञानशिक्षणाच्या प्रकल्पांना जोर आला. ब्रिटनमध्ये १९६२मध्ये नफिल्ड प्रकल्प सुरू झाला, भारतात १९७२मध्ये मध्य प्रदेशातल्या १६ शाळांत होशंगाबाद विज्ञान हा उपक्रम. या सगळ्यांचा भर करून शिकण्यावर होता.

मग निराशेचा काळ आला. १९७८मध्ये नुसबाउम आणि नोविक या संशोधकांनी दाखवले की कण शिकलेली मुलेही कणांच्या मधे ‘काहीतरी’ भरतात. हवा, धूळ, वाफ. रिकामी जागा त्यांना सोसत नाही, अगदी अ‍ॅरिस्टॉटलसारखीच. १९८६मध्ये बेन-झ्वी आणि सहकाऱ्यांना आढळले की पुष्कळ विद्यार्थी तांब्याच्या एका अणूलाच तांब्याचे गुणधर्म चिकटवतात. लाकडी गोळ्यांची ही किंमत. ग्लासगोच्या अ‍ॅलेक्स जॉनस्टोन यांनी अडचणीचे निदान असे केले: रसायनशास्त्र दिसणारा पदार्थ, न दिसणारे कण आणि सूत्रे अशा तीन पातळ्यांवर चालते, आणि आपण मुलांना एकाच वाक्यात तिन्हींवरून फिरवतो.

निराशेला उतारा मिळाला १९९३मध्ये. दोन स्वतंत्र अभ्यासांत शाळेत न जाणाऱ्या वयाच्या मुलांनाही विरघळलेला पदार्थ न दिसणाऱ्या बारीक तुकड्यांत शिल्लक असतो, हे बऱ्यापैकी कळते असे दिसले. म्हणजे पियाजेने लावलेली वयाची कुंपणे थोडी सैल होती.

अभ्यासक्रम अजून दोन दिशांना तोंड करून आहेत. इंग्लंडच्या २०१३च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात विरघळणे नऊ-दहा वर्षांच्या मुलांना आहे, पण कणांचे प्रारूप माध्यमिक शाळेत. त्याच वर्षीच्या अमेरिकी मानकांत पाचवीतच, न दिसण्याइतक्या लहान कणांचे प्रारूप मुलांनी बनवावे असे म्हटले आहे. उदाहरणांत साखर विरघळवणे, खारे पाणी आटवणे आणि पिचकारीतली हवा दाबणे आहे. मात्र हे कण नेमके कसले, हे त्या वयात विचारायचे नाही अशी मर्यादाही घातली आहे. माझ्या मते मर्यादा योग्य आहे, कारण साखरेचे रेणू पाण्यात अख्खे राहतात आणि मिठाचे आयन सुटे होतात. तो फरक तराजूला कळत नाही. त्याला विजेचा घट, दिवा आणि दोन तारा लागतात, आणि ते काम वरच्या इयत्तांचे आहे.