मानवी शरीरातील सांधे

दोन किंवा अधिक हाडे, अथवा हाड आणि कूर्चा (हाडापेक्षा मऊ व लवचीक असा भाग), जिथे एकमेकांना जोडलेली असतात त्या जागेला सांधा (संधी) म्हणतात. सांधा हललाच पाहिजे असे नाही. कवटीच्या हाडांमधील शिवणी प्रौढ वयात जवळजवळ हलत नाहीत, तरी त्या सांधेच होत.

सांध्यांचे वर्गीकरण दोन प्रकारे करतात. हालचालीवरून अचल, अल्पचल व चल असे तीन वर्ग पडतात. रचनेवरून तंतुमय, कूर्चामय व संधिकलायुक्त (आतून संधिकला नावाचे पातळ पटल असलेले) असे. यांपैकी रचनेची कसोटी अधिक भरवशाची वाटते. त्रिकास्थी (कण्याच्या तळाचे हाड) व श्रोणीचे म्हणजे कमरेखालचे हाड यांमधील सांधा संधिकलायुक्त असूनही फारच थोडा हलतो. उलट घोट्याच्या वर जंघेची (गुडघ्याखालच्या पायाची) दोन हाडे जोडणारा तंतुमय सांधा किंचित हलतो.

सुश्रुतसंहिता या प्राचीन आयुर्वेदग्रंथाच्या शारीरस्थानात (शरीररचनेच्या भागात) चेष्टावंत व स्थिर असे दोन वर्ग मानून एकूण २१० संधी मोजले आहेत : हातापायांत ६८, धडात ५९ आणि मानेपासून वर ८३. चरकसंहितेत ही संख्या २०० आहे. सुश्रुतसंहितेच्या काळाविषयी एकमत नाही. आज उपलब्ध असलेल्या पाठावर इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत संस्कार झाले असावेत. तिच्यात संधींचे आठ प्रकार सांगितले आहेत : कोर, उलूखल, सामुद्ग, प्रतर, तुन्नसेवनी, वायसतुंड, मंडल व शंखावर्त. बोटे, मनगट, घोटा, गुडघा व कोपर यांचे संधी कोर, तर खांदा, जांघ व दात यांचे उलूखल म्हणजे उखळासारखे. आपण केवळ हाडांचे संधी मोजले, पेशी, स्नायू व सिरा यांच्या संधींना गणती नाही, असे ग्रंथकार स्पष्ट म्हणतो. तरीही कंठ आणि डोळ्यांतील मंडलसंधी यादीत आहेत. ही विसंगती मानण्याचे कारण दिसत नाही. सुश्रुताच्या अस्थींच्या पाच प्रकारांत ‘तरुण’ म्हणजे कूर्चा आणि ‘रुचक’ म्हणजे दात यांचाही समावेश आहे. मानेवरच्या ८३ संधींपैकी ३२ दातांच्या मुळांचे आहेत, ते त्यामुळेच. आधुनिक शारीरात दात हाड नव्हे, पण जबड्याच्या खोबणीतील त्याची बैठक तंतुमय सांध्यातच धरतात. साहजिकच सुश्रुताची व आधुनिक गणना यांचे आकडे ताडून पाहण्यात फारसा अर्थ नाही.

कूर्चामय सांध्यांत दोन उपप्रकार आहेत. वाढत्या वयातील लांब हाडांच्या टोकांशी असलेली वाढीची पट्टी हा तात्पुरता सांधा. वाढ पुरी झाली की तिथे हाड तयार होते. मणक्यांमधील चकत्या व जघनास्थींचा (ओटीपोटाच्या तळाशी पुढच्या हाडांचा) जोड हे मात्र कायमचे.

संधिकलायुक्त सांध्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा, भोवती संपुट म्हणजे आवरण आणि आत वंगणासारखा संधिद्रव असतो. गुडघ्यासारख्या मोठ्या सांध्यातही निरोगी अवस्थेत हा द्रव काही मिलिलिटरच भरतो. प्रौढांत या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण मुख्यतः संधिद्रवातून होते, म्हणून इजा झाल्यास ती नीट भरून येत नाही. पृष्ठभागांच्या आकारावरून याचे सहा प्रकार मानतात. सरकते सांधे मनगट व घोट्याच्या लहान हाडांत, बिजागरीचा कोपरात, खुंटीचा मानेच्या पहिल्या दोन मणक्यांत. नकारार्थी मान हलते ती मुख्यतः या सांध्यात. होकारार्थी मान मात्र त्याच्या वर, कवटी आणि पहिला मणका यांमध्ये हलते. लंबगोल सांधा मनगटात, तर खोगिरासारखा अंगठ्याच्या मुळाशी आढळतो. अंगठा इतर बोटांसमोर आणता येतो तो याच्या जोरावर. उखळीचे सांधे खांद्यात व खुब्यात. खुब्याची खोबण खोल, खांद्याची उथळ. खांदा अधिक फिरतो आणि निखळतोही अधिक.

गुडघ्याला बिजागरीचा सांधा म्हणण्याची रूढी आहे. पण तो वाकलेला असताना पाय थोडा आतबाहेर वळतो आणि पूर्ण ताठ होताना मांडीचे हाड नडगीवर किंचित फिरते. त्यामुळे अनेक लेखक त्याला बदललेली बिजागरी किंवा द्विकंदी (दोन गोलसर टोकांचा) सांधा म्हणतात. दुसरे नाव त्याच्या रचनेला अधिक जुळते.