‘मंजुरी मिळाली’ म्हणजे नेमकं काय मिळालं? तत्त्वतः मान्यता आणि प्रशासकीय मान्यता

तालुक्याला पूल, उपसा सिंचन योजना किंवा उपजिल्हा रुग्णालय ‘मंजूर’ झालं की दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागतो. वर नेत्यांचे हात जोडलेले फोटो, खाली पाचपंचवीस कार्यकर्त्यांचे चेहरे आणि मध्ये जाड अक्षरात ‘मंजुरी मिळाल्याबद्दल जाहीर आभार’. ही मंजुरी कोणत्या प्रकारची, हे फ्लेक्सवर कधीच लिहिलेलं नसतं. मंत्रालयात मात्र मंजुरी या नावाखाली दोन निराळ्या गोष्टी चालतात, आणि नेत्यांची निम्मी भाषणं त्या दोहोंमधल्या फटीवर उभी असतात.

तत्त्वतः मान्यता म्हणजे ‘कल्पनेला हरकत नाही, पुढची तयारी करा’. सर्वेक्षण करा, जागा पाहा, अंदाजपत्रक तयार करा, इतर खात्यांचे अभिप्राय घ्या. पैशाचं बंधन सरकारवर अजून आलेलं नसतं. प्रशासकीय मान्यता म्हणजे अमुक काम, अमुक रकमेच्या मर्यादेत, अमुक लेखाशीर्षातून (सरकारी हिशेबातल्या ठरावीक खात्यातून) करायला दिलेला लेखी होकार. त्यानंतर तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश असा प्रवास असतो. जेसीबी दिसतो तो या सगळ्याच्या शेवटी.

तत्त्वतः मान्यता ही मुळात फसवणूक नाही. मोठ्या प्रकल्पात ती पायरी लागतेच, कारण आधी होकार नसेल तर सर्वेक्षणावर तरी खर्च कोण करणार? गोव्यातल्या मोपा विमानतळाला केंद्राने २००० साली तत्त्वतः मान्यता दिली आणि उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झालं. नवी मुंबई विमानतळाची मान्यता २००७ ची, उद्घाटन ऑक्टोबर २०२५ चं. उशीर झाला, पण विमानतळ उभे राहिले. जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाची गोष्ट वेगळी. तिथल्या जागेला केंद्राची तत्त्वतः मान्यता आहे, हे वाक्य संसदेतल्या उत्तरांत वर्षानुवर्षं येत राहिलं. ते वाक्य खोटं नाही. पण ऐकणाऱ्याला प्रकल्प मंजूर झाल्यासारखा वाटतो आणि बोलणाऱ्याने फक्त जागेबद्दल सांगितलेलं असतं.

हा शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत पोचला तो जून २०१७ मध्ये. पुणतांब्यातून निघालेला शेतकऱ्यांचा संप १ जूनला सुरू झाला. ११ जूनला शेतकरी संघटनांची सुकाणू समिती आणि मंत्रिगट यांची बैठक झाली, आणि बाहेर बातमी आली की सरसकट कर्जमाफी तत्त्वतः मान्य, निकषांसह. हे तीन शब्द एका वाक्यात बसवणं ही कसबाची गोष्ट आहे. ‘सरसकट’ म्हणजे सगळ्यांना, ‘निकषांसह’ म्हणजे सगळ्यांना नाही, आणि ‘तत्त्वतः’ म्हणजे अजून कुणालाच नाही! पुढे कित्येक महिने या तीन शब्दांवर पारावर विनोद चालले, ते उगाच नाही.

खरा मजकूर आला तो नंतर. २४ जूनला दीड लाख रुपयांची मर्यादा आणि ३४ हजार २२ कोटींचा आकडा जाहीर झाला. २८ जूनला शासन निर्णय निघाला आणि कोण बसतं, कोण वगळलं जातं हे कागदावर आलं. दीड लाखाच्या वर थकबाकी असलेल्याने वरची रक्कम आधी स्वतः भरायची, ही अटही त्यातलीच. सतरा दिवसांत ‘सरसकट’चं जे झालं ते पाहिलं की दोन मान्यतांमधला फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. प्रत्यक्षात वाटप झालेली रक्कम जाहीर आकड्याच्या बरीच खाली राहिली, तो आणखी पुढचा भाग.

हे एकाच पक्षाचं कौशल्य नव्हे. डिसेंबर २०१९ मध्ये नव्या सरकारने दोन लाखांपर्यंतची कर्जमाफी जाहीर केली आणि आठवड्याभरात तिचा शासन निर्णय काढला. हे चटकन झालं. पण जे कर्ज नियमित फेडतात त्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन देण्याची घोषणा मार्च २०२० च्या अर्थसंकल्पात झाली, आणि तिचा शासन निर्णय निघाला जुलै २०२२ मध्ये. तोवर सरकार बदललेलं होतं. मध्ये करोना आला हे मान्य, तरी घोषणेच्या दिवशी टाळ्या पूर्ण वाजल्या होत्या.

मग ओळखायचं कसं? शासन निर्णय मागायचा. तो राज्य सरकारच्या संकेतस्थळावर कुणालाही उघडता येतो आणि त्यावर संगणक सांकेतांक असतो. वरची लांबलचक प्रस्तावना सोडून द्या, सगळे तीच वाचतात आणि दमतात. कामाच्या ओळी खाली असतात. ‘सदर खर्च मागणी क्रमांक अमुक, लेखाशीर्ष अमुक यामधून भागविण्यात यावा’ ही एक. वित्त विभागाच्या सहमतीचा अनौपचारिक संदर्भ क्रमांक ही दुसरी. आमदारांच्या हातातल्या कागदावर यांपैकी काहीच नसेल, फक्त मंत्र्यांचा ‘तपासून सादर करावे’ असा शेरा असेल, तर ती कुठलीच मान्यता नाही. असे शेरे मिळवणं मंत्रालयात फारसं अवघड नसतं.

प्रशासकीय मान्यतेलाही फार भुलू नये. जलसंपदा खात्यात तिला ‘प्रमा’ म्हणतात आणि वाढीव खर्चाच्या मान्यतेला ‘सुप्रमा’. विदर्भातल्या गोसेखुर्द सिंचन प्रकल्पाची प्रमा १९८३ ची, ३७२ कोटींची. २०१६ पर्यंत सुधारित आकडा १८ हजार कोटींच्या वर गेला होता. कागद पक्का होता, पण कागदाच्या जोरावर कालवा वाहत नाही. दरवर्षीच्या अर्थसंकल्पात किती तरतूद होते ते वेगळं पाहावं लागतं. तिथे लाखभर रुपयांची टोकन तरतूद दिसली तर काम फक्त यादीत जिवंत ठेवलंय असं समजायचं.

एक गंमत मात्र सांगायला हवी. ‘विचाराधीन आहे’, ‘मी यात लक्ष घालतो’, ‘चौकशी सुरू आहे’ ही वाक्यं सभेत बोलली की हवेत जातात. लोकसभेत मंत्री तेच बोलला की ते आश्वासन ठरतं, कारण कोणत्या शब्दप्रयोगांना आश्वासन मानायचं याची यादीच ठरलेली आहे. १९५३ पासून त्यासाठी वेगळी समिती आहे आणि पूर्ततेची मुदत तीन महिन्यांची. मंत्री मुदतवाढ मागतात, कधी आश्वासन वगळण्याची विनंतीही करतात, पण मागावं तरी लागतं. आपल्या विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. त्यामुळे गावातल्या सभेत ‘तत्त्वतः मान्य’ ऐकून आलेल्या माणसाने आमदाराला गाठून म्हणावं, साहेब, हेच वाक्य मंत्र्यांकडून सभागृहात वदवून घ्या.