आमदाराला मारहाण: हक्कभंग वेगळा, फिर्याद वेगळी

पर्वरीत गोवा विधानसभेचं अधिवेशन चालू असताना एखाद्या आमदारावर कुणी हात टाकला, की पहिली मागणी होते हक्कभंगाची. पोलिसांत तक्रार दिली का, हे विचारायचं बऱ्याचदा राहूनच जातं. लोकांनाही वाटतं, प्रकरण थेट सभापतींकडे गेलंय म्हणजे आता मारणाऱ्याची सुटका नाही. खरं तर या दोन वाटा निराळ्या आहेत, आणि न्याय म्हणून आपण जे समजतो ते बहुतेक वेळा दुसऱ्या वाटेवर मिळतं.

हक्कभंग म्हणजे सभागृहाच्या विशेषाधिकाराचा भंग, आणि हा अधिकार घटनेच्या १९४व्या कलमातून आलेला. आमदाराने न घाबरता बोलावं, मत द्यावं, यासाठी तो आहे. म्हणून मारहाणीचा संबंध सभागृहाच्या कामाशी लागावा लागतो. मतदानाला पोचू नये म्हणून वाटेत गाडी अडवली, सभागृहातल्या भाषणाचा राग काढला, तर हक्कभंग होऊ शकतो. जत्रेत गाडी लावण्यावरून जुंपली आणि समोरचा आमदार निघाला, तर नाही. सभागृह ताकीद देऊ शकतं, समोर बोलावून कानउघाडणी करू शकतं, तुरुंगातही पाठवू शकतं. पण तो तुरुंगवास सत्रसमाप्तीपलीकडे टिकत नाही. आणि गोव्याची अधिवेशनं किती दिवसांची असतात ते आपण पाहतोच. बहुतेकदा तेवढीही वेळ येत नाही. समोरचा माफी मागतो, सभागृह मोठ्या मनाने विषय मिटवतं.

फिर्यादीत असा मोठेपणा चालत नाही. पोलीस ठाण्यात गुन्हा नोंद झाला की खटला राज्य विरुद्ध आरोपी असा होतो. खुनाच्या प्रयत्नासारख्या गुन्ह्यात आमदाराने स्वतः "जाऊ द्या" म्हटलं, तरी तेवढ्याने खटला संपत नाही. हल्ला कुठे झाला, अधिवेशन होतं की नव्हतं, याचा इथे काही संबंध नाही. एक वाट धरली म्हणून दुसरी बंद होते असंही नाही. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात.

आता एक गोष्ट, जी ऐकून बरेच जण चमकतात. तलाठ्याला कामावर असताना मारलं तर "सरकारी कामात अडथळा" हे कलम लागतं. पूर्वीचं ३५३, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १३२. आमदाराला? महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री अंतुले यांच्या खटल्यात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की भारतीय दंड संहितेच्या व्याख्येनुसार आमदार हा लोकसेवक नव्हे. मंत्री असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे साध्या आमदारासाठी तुमच्याआमच्यासारखीच कलमं: दुखापत, धमकी, खुनाचा प्रयत्न. खासदार-आमदारांसाठी विशेष न्यायालयं आहेत असं कुणी सांगेल, पण ती आरोपी लोकप्रतिनिधींसाठी काढलेली आहेत. मार खाल्लेल्यांसाठी नाहीत!

फूलन देवींचं उदाहरण घ्या. त्या लोकसभेच्या खासदार. २५ जुलै २००१ रोजी संसदेतून घरी परतल्या आणि दिल्लीत आपल्या बंगल्याच्या दारात गोळ्यांना बळी पडल्या. संसदेच्या कामाशी याहून जवळचा संबंध कोणता असणार? तरी शिक्षा झाली ती फौजदारी न्यायालयात, आणि तीही २०१४ मध्ये. तेरा वर्षं लागली. उत्तर प्रदेशचे आमदार राजू पाल यांचा खून जानेवारी २००५ मध्ये झाला. त्या प्रकरणातल्या एका साक्षीदाराचा फेब्रुवारी २०२३ मध्ये भररस्त्यात खून झाला, आणि सीबीआय न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवलं ते मार्च २०२४ मध्ये. उशीर संतापजनक आहेच. पण या एकोणीस वर्षांत साक्षीदारांना सांभाळणं, तपास पुढे नेणं, निकालापर्यंत पोचणं, यातलं काहीही हक्कभंग समितीच्या हातात नसतं. साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली. हल्ला झालेल्या आमदाराच्या माणसांनी सभापतींच्या दालनाबाहेर गर्दी करण्याआधी तिच्यासाठी अर्ज करावा, असं माझं मत.

हक्कभंग निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. पोलीसच तक्रार घ्यायला टाळाटाळ करत असतील, सत्ताधारी पक्षातलंच कुणी हल्ल्यामागे असेल, तर सभागृहात विषय निघाल्याने गृहखात्याला उत्तर द्यावं लागतं. विरोधी बाकांवरच्या आमदाराला याचा आधार वाटतो, तो खोटा नाही. पण तो दबाव आहे, निकाल नव्हे.

ग्रामपंचायतीच्या पंचांना मात्र हा प्रश्नच पडत नाही. गोव्यात १९१ पंचायती आहेत, आणि ग्रामसभेत खुर्च्या उडाल्या म्हणून सभापतींकडे हक्कभंग नेता येत नाही, नगरसेवकालाही नाही. त्यांनी आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, त्याच दिवशी जवळच्या पोलीस ठाण्यात फिर्याद द्यावी आणि तिची प्रत मागून घ्यावी. ती मोफत मिळते.