वकीलपत्र म्हणजे पाठिंबा नव्हे

वादग्रस्त लिखाणाचा खटला उभा राहिला की एक मजकूर हमखास फिरतो: 'जो वकील ही केस घेतो, त्याला ते मत मान्यच असतं.'

वकिलांच्या आचारनियमांत याच्या उलट लिहिलं आहे. आरोपी दोषी आहे असं स्वतःला वाटलं तरी वकिलाने त्याचा बचाव करायचा. केस नाकारायला विशेष कारण लागतं. आरोपीच्या बाजूने पाहिलं तर पसंतीचा वकील मिळणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २२(१) मधला मूलभूत हक्क आहे. कोठडीतल्या माणसाला १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो.

आता युक्तिवाद बघा. लेख चांगला आहे, असं सहसा कुणी म्हणत नाही. न्यायालयाला त्यात रसही नसतो. लावलेलं बंधन अनुच्छेद १९(२) मधल्या, अभिव्यक्तीवर बंधन घालण्यासाठी मान्य असलेल्या आठ कारणांपैकी एकात बसतं का, आणि बसलं तरी ते वाजवी आहे का, हे विचारलं जातं. त्याही आधी कागद तपासतात. गटांत वैर पसरवल्याचं कलम (भारतीय न्याय संहिता, १९६) लावलं असेल तर न्यायालयाने दखल घेण्यापूर्वी सरकारची मंजुरी लागते. ती नसेल तर मताचा विषय निघण्याआधीच आक्षेप उभा राहतो.

पडताळायचं असेल तर खटल्याचा सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याची स्वतंत्र ओळख) घ्या, न्यायालयांच्या संकेतस्थळावर टाका आणि आदेशात बचाव पक्षाचं म्हणणं वाचा. बातमीचा मथळा पुरत नाही.