नीरेचा पाट आणि पाण्याचा हक्क
पुणे जिल्ह्यातील नीरा डावा कालवा 1885 साली सुरू झाला, तो 1876-77 च्या दुष्काळाने होरपळलेल्या मुलखातील पिकांना संरक्षण मिळावे म्हणून. पण पाऊस बरा झाला की शेतकरी पाणी मागत नसत, कारण खोल काळी जमीन पावसाळ्यातील ओल धरून ठेवते आणि शाळू (रब्बी ज्वारी) त्या ओलीवरच पिकतो; मग पाणीपट्टी भरायची कशासाठी? कालव्याचा खर्च निघेना, तेव्हा सरकारने उसाला उत्तेजन दिले.

उसाने गावाची घडी बदलली. जिरायतीत सुगीनंतर शेतातले काम जवळजवळ संपते. आडसाली ऊस मात्र सुमारे दीड वर्ष शेतात उभा असतो, आणि त्याला पाळीपाळीने पाणी, भरपूर खत, बांधणी व शेवटी तोडणीसाठी मजूर लागतात. म्हणजे पाण्याइतकेच भांडवल लागते, शिवाय पैसा हाती येईपर्यंत थांबण्याची ऐपतही. सासवडचे माळी बागायतीत मुरलेले होते. ते कालव्याखाली आले आणि जमिनी खंडाने घेऊन ऊस करू लागले. पाणी सर्वांच्या शिवारातून वाहत होते, पण त्याचे पीक ऐपतीप्रमाणे निघत होते.

जमिनीवरही परिणाम झाला. पिकाला लागते त्याहून अधिक पाणी मुरले आणि निचरा अपुरा असला की भूजलाची पातळी वर चढते. ती मुळांजवळ आली की मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी वर ओढले जाते, उन्हाने उडून जाते आणि क्षार मागे राहतात. नीरा खोऱ्यातील बऱ्याच जमिनी अशा खारवट झाल्या. यातला अन्याय मला फार मोठा वाटतो: पाणी वरच्या शेतात जास्त सोडले जाते, आणि जमीन पुष्कळदा खालच्या, सखल शेताची बिघडते.

त्याच जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात, 1972 च्या दुष्काळानंतर, विलासराव साळुंखे यांनी नायगावापासून सुरू केलेल्या पाणी पंचायतीने वाटपाचा पायाच बदलला. पाणी जमिनीच्या क्षेत्रावर नव्हे तर माणशी मोजले गेले: माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांसाठी. ऊस वर्ज्य ठरला, कारण एका एकर उसाच्या पाण्यात हंगामी पिकांचे कितीतरी अधिक क्षेत्र भिजते. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नसे आणि भूमिहीनांनाही तो होता. त्यामुळे ज्याच्याकडे गुंठाभरही रान नाही, त्याला आपला पाण्याचा वाटा घेऊन दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने शेती करता येत होती.