लघवीला जाऊन आलं की छातीत धडधडतंय? दरवेळी उन्हाळीच असेल असं नाही

सोलापुरात एप्रिल लागला की पारा चाळिशीच्या वर जातो आणि मग लघवीची कसलीही तक्रार असू दे, घरात उत्तर ठरलेलं, उन्हाळी लागली असेल, सब्जाचं पाणी पी. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण आमच्या पूर्व भागातल्या एक मावशी, घरात टॉवेलचे माग, त्या लघवीला जाऊन आल्या की दाराची चौकट धरून उभ्या राहायच्या, कपाळावर घाम, डोकं ठणकतंय, छाती धडधडतेय, आणि थोड्या वेळात सगळं शांत. दवाखान्यात पोचेपर्यंत बीपी नॉर्मल, मग काय, ॲसिडिटीच्या गोळ्या. शेवटी सुनेनं घरीच बीपीचं मशीन आणलं आणि वहीत दोन रकाने पाडले, लघवीच्या आधी आणि लघवीच्या नंतर. त्या वहीनंच सगळं उघड केलं.

मूत्राशयाच्या भिंतीत गाठ होती, पॅरागँग्लिओमा. मूत्राशयाच्या गाठींमध्ये हिचं प्रमाण ०.१ टक्क्याहूनही कमी, पहिली केस १९५३ सालची. ही गाठ नॉरॲड्रेनॅलिनसारखे हार्मोन बनवते, लघवी करताना पिशवी आवळली की गाठ दाबली जाते, हार्मोन रक्तात सुटतात आणि बीपी एकदम चढतो. काहींना लघवीतून रक्तही जातं.

मूत्राशयाचा नेहमीचा कॅन्सर आतल्या अस्तरात सुरू होतो, तो दुर्बिणीतून खरवडता येतो. ही बया मात्र बहुतेक वेळा स्नायूत बसलेली, वरचं अस्तर गुळगुळीत दिसू शकतं. आणि माहीत नसताना नुसता तपासणीला तुकडा काढायला गेलं तरी बीपी जिवावर बेतेल इतका उसळू शकतो! म्हणून शंका आली की आधी रक्तात किंवा २४ तासांच्या लघवीत मेटानेफ्रिन, म्हणजे या हार्मोनांपासून शरीरात तयार होणारे पदार्थ, तपासायचं, मग स्कॅन, मग साधारण १० ते १४ दिवस अल्फा ब्लॉकरच्या, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करून बीपी ताब्यात ठेवणाऱ्या गोळ्या. ही तयारी झाल्याशिवाय चाकू लावायचा नाही, माझ्या मते अख्ख्या ऑपरेशनात सगळ्यात मोलाचे दिवस हेच.

मग पोटावर ५ ते १२ मिलिमीटरची चार-पाच भोकं, आत गॅस भरून कॅमेरा. गाठ बाहेरून नीट कळत नसेल तर दुसरे सर्जन लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालतात आणि आतून उजेड टाकतात, भिंतीतून तो उजेड बाहेर दिसतो आणि कुठून कापायचं ते कळतं. गाठीला जपूनच हात लावायचा, भूलतज्ज्ञांची नजर बीपीवर, कारण गाठ निघाली की तो धाडकन खालीही येतो. तेवढाच भाग काढून पिशवी शिवायची, सलाईन भरून कुठं गळत नाही ना ते बघायचं, मग एक-दोन आठवडे कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी. बाकीची पिशवी शाबूत राहते. गाठ फार मोठी किंवा पसरलेली असली तर पोट उघडावंही लागतं.

हा आजार कधीकधी जनुकातून येतो, म्हणून मावशींच्या मुलांनाही जनुकांची टेस्ट सांगितलीय. आणि गाठ वर्षांनंतर परत येऊ शकते, त्यामुळे मावशींची मेटानेफ्रिनची तपासणी आता कायमची, वही अजून चालू आहे.